स्ट्रॉबेरीची पांढरी फुलं

फुलं कोणी माणूस नेत असेल, ही शक्यता आमच्या घरात कोणालाच सुचली नाही. त्याला कारण होतं. ते कारण आम्हाला इतकं उघड वाटत होतं की त्यावर बोलण्याची कधी वेळच आली नाही.

वडील नागपूरकडच्या सेलूच्या सरकारी विश्रामगृहाचे चौकीदार होते. माळीकामही त्यांच्याकडेच होतं. आवाराच्या एका कडेला आमचं क्वार्टर होतं: एक खोली, पुढे पडवी, पडवीपुढे अंगण. अंगणाला तारेचं कुंपण, आणि कुंपणाला लागून महादेवाच्या देवळाकडे जाणारी पायवाट. छप्पन सालच्या दसऱ्यापर्यंत आम्ही महार होतो. त्या दिवशी नागपूरला दीक्षा घेतली आणि बौद्ध झालो. परत आल्यावर वडिलांनी कोनाड्यातले देवांचे टाक टोपलीत भरले आणि नदीच्या डोहात सोडून आले. आईने कोनाडा शेणाने सारवून घेतला. त्यात दुसरं काही ठेवलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुण्याकडचे एक इंजिनियर बायकोसह जीपने आले आणि विश्रामगृहात मुक्कामाला राहिले. त्यांच्याजवळ महाबळेश्वरहून आणलेली रोपं होती, नागपुरात कोणाला तरी द्यायची. ओल्या गोणपाटात बांधलेल्या जुड्या होत्या. निघताना बाईंनी त्यातली कोमेजायला आलेली एक जुडी वडिलांच्या हाती दिली. स्ट्रॉबेरी आहे, थंडीत फळ येतं, रोपाचा गाभा मातीत गाडू नका, खाली वाळलेलं गवत अंथरा, एवढं सांगितलं. ते फळ आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. वडिलांनी सरकारी वाफ्यात ती लावली नाहीत. वाफ्यांत काय असावं हे वरून ठरत असे. त्यांनी जुडी आईसमोर टाकली.

"इस्टाबेरी हाये म्हनते. लाव कुठी लावतं त."

"आपल्या मातीत थे का जगनार हाये?" आई म्हणाली.

तरी तिने लावली. अंगणात कुंपणाच्या कडेला सकाळचं ऊन येई आणि दुपारी कडुलिंबाची सावली पडे. ती जागा तिने निवडली. आमची माती काळी, चिकट. पाणी पडलं की लोणी, सुकली की भेगा. तिने नदीची रेती आणि जुनं शेणखत आणून त्यात मिसळलं, वाफा वितभर उंच केला आणि रोपं लावली. खाली तणीस पसरली. काही रोपं मेली, बाकीच्यांनी जीव धरला.

मी तेव्हा नागपुरात एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत असे. रविवारी घरी यायचो, सोमवारी सकाळच्या पॅसेंजरने परत. म्हणून या हकिगतीतला बराचसा भाग मी स्वतः पाहिलेला आहे, आणि उरलेला आईकडून त्याच आठवड्यात ऐकलेला.

त्या थंडीत माझी मोठी बहीण बाळंतपणाला आली होती. तिचा नवरा हिंगणघाटला गिरणीत होता. आदल्या वर्षी तिला मुलगा झाला, तो रडलाच नाही. त्याला पुरून आल्यावर आईने देवासमोर कपाळ टेकून पुढच्या खेपेसाठी नवस बोलला होता. आता पुढची खेप आली होती आणि ज्याला नवस बोलला तो डोहाच्या तळाशी होता. वडील सभेत उभे राहून लोकांना सांगत, की ज्याने कधी आपल्याला पायरी चढू दिली नाही त्याचं आता भय कशाला. आई मान डोलवायची. दीक्षा तिने मनापासून घेतली होती. तिला पश्चात्ताप नव्हता, भीती होती, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे वडिलांना समजावण्याची तिची हिंमत नव्हती.

एका रविवारी वाफ्यातलं गवत काढता काढता तिने ते मला सांगितलं. रोपांना तेव्हा नुकत्या कळ्या दिसू लागल्या होत्या.

"मी मनात एक धरलं हाये," ती म्हणाली. "दीक्षेच्या नंतर लावलेलं हे पयलंच झाड. याईले फळ धरलं, त समजीन का कोनी आपल्यावर रागावलं नाई. तुह्या बहिनीचं बी नीट होईन."

"आन नाई धरलं त?"

ती तणीस सारखी करत राहिली.

पहिलं फूल डिसेंबरात उमललं. पाच पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळं बटण. बहीण पडवीतून उठून पाहायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल नव्हतं. त्यानंतर आणखी उमलली, तीही गेली. संध्याकाळी असत, उजाडताना नसत.

वडिलांनी बकरीवर ठपका ठेवला. पण बकरीने पानं सोडून नुसती फुलं खाल्ली नसती, आणि कुंपणात शिरायला जागाही नव्हती. मग उंदीर, मग पाखरं. रविवारी मी वाफ्याजवळ बसून देठ पाहिले. कुरतडल्याची खूण नव्हती. पाकळ्या खाली पडलेल्या नव्हत्या. प्रत्येक देठ फुलाच्या जरा खाली, नखाने खुडावा तसा तुटलेला होता.

"हे तर कोनी खुडून राह्यलं," मी म्हणालो.

आईचा चेहरा एकदम उतरला. मी फक्त देठ कसा तुटला ते सांगत होतो, पुढचा विचार केला नव्हता. त्यात तिने हात ऐकला, पण माणसाचा नव्हे.

बाहेरच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. आमच्या भागात पहाटे पूजेची फुलं खुडत फिरणाऱ्या बायका काही नवीन नव्हत्या. विश्रामगृहाच्या पुढच्या बागेतली कण्हेर, तगर, जास्वंद त्या रोज नेत. वडील कोणाला अडवत नसत. ती झाडं वडिलांनी लावलेली, त्यांना पाणी वडिलांच्या हातचं. पण बाग सरकारी होती, त्यामुळे पाणी कोणाच्या हातचं हा प्रश्न गावाने स्वतःला कधी विचारला नव्हता. आमच्या अंगणाचं तसं नव्हतं. तिथला दोडका कोणी फुकटही घेतला नसता. पूजेसाठी फुलं नेणारे आमच्या अंगणाकडे वळत नव्हते, आणि आमच्याकडे येणाऱ्या आमच्या लोकांनी पूजा सोडली होती. म्हणून माणूस आमच्या हिशेबातूनच बाद झाला होता.

त्याच महिन्यात, ज्यांच्या हातून आम्ही दीक्षा घेतली ते गेले. बातमी मी कार्यालयात मुद्रितात वाचली. ती ओळ तपासताना माझ्या हातून पेन्सिल चालेना. शेजारच्या सहकाऱ्याने कागद ओढून घेतला. घरी आलो तेव्हा वस्तीत चुली पेटलेल्या नव्हत्या. वडील पडवीच्या खांबाला टेकून बसले होते. नंतरच्या आठवड्यात आई तेल आणायला बाजारातल्या मोठ्या किराणा दुकानात गेली. दुकानदार गादीवरूनच म्हणाला, "देव बुडवले न तुमी? आता पाहा, कसं कसं होते त."

आई घरी आली ती तेलाची बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. बहीण आतून विचारत होती, काय झालं, काय झालं.

"काई नाई," आई म्हणाली. "तू पडून राह्य."

त्यानंतर ती सकाळी वाफ्याकडे आपणहून जाईनाशी झाली. मला पाठवायची. मी नसेन तेव्हा वडिलांना विचारायची: "हायेत का?" वडील म्हणायचे, "नाई." मी एकदा म्हणालो, पहाटे उठून पाळत ठेवू. ती म्हणाली, "नोको. जे दिसीन थे मले पाहाचं नाई."

जानेवारीतल्या एका सोमवारी मला लवकरची गाडी धरायची होती. अंधार विरळ झाला होता, धुकं होतं. तोंड धुवायला मी बाहेर आलो आणि वाफ्याजवळ काहीतरी पांढरं वाकलेलं दिसलं. मी जागच्या जागी थांबलो. मला भूतखेत खरं वाटत नव्हतं, तरीही हातातला तांब्या खाली ठेवताना तो वाजला. पांढरं सरळ झालं. ती एक म्हातारी बाई होती. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हातात वेताची परडी. कुंपणाबाहेर पायवाटेवर उभी राहून तारेतून हात घालून ती फुलं खुडत होती. मी तिला लगेच ओळखलं. देवांवरून बोललेल्या त्याच दुकानदाराची आई.

तांब्याच्या आवाजाने आई बाहेर आली. माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"कोन हाये?"

"मी हावो वं, मी," म्हातारी म्हणाली. बिलकुल दचकली नाही. "सोमवार हाये न. महादेवाले पांढरं फूल लागते. तुमच्या सायबानं हे काय नवीन लावलं हाये, मोठं नाजूक हाये बाई. घरी नेऊस्तोर कोमेजते."

आईने माझ्या खांद्यावरून विचारलं,

"रोज... तुमीच नेता का माय?"

"मंग? मी नाई नेईन त बकऱ्या खातीन. सरकारी फुलाले कोनाचा बाप विचारते?" म्हातारी हसली. दात नव्हते. "तुह्या नवऱ्याले सांग, पानी जरा जास्त घालजो म्हना. लय कमी लागून राह्यली."

समज आल्यापासून आईने त्या घरातल्या कोणाशी मान वर करून बोलल्याचं मला आठवत नाही. दुकानात ती पायरीखाली उभी राहायची, बाटली ठेवून मागे सरायची. त्या पहाटे ती माझ्या बाजूने पुढे झाली, वाफ्यापर्यंत गेली आणि कुंपणाच्या अलीकडे, म्हातारीच्या समोर उभी राहिली. दोघींच्या मध्ये तार होती.

"सरकारी नाई जी थे," ती म्हणाली. "माही हायेत."

"तुही?"

"माह्या हातानं लावली. शेन माहं, रेती माही. माह्या घागरीचं पानी हाये त्याईले."

म्हातारीचा हात तारेतच होता. तिने तो सावकाश बाहेर काढला. परडीत पाहिलं. परडीत जास्वंद नव्हती, तगर नव्हती. तळाशी फक्त आमची फुलं होती. मी आता काय होणार याची तयारी करत होतो. ती ओरडेल, परडी फेकेल, लोक जमतील, दुकानदार येईल, वडिलांच्या नोकरीवर येईल. लोक जमले तर काय बोलायचं, त्याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवत होतो.

म्हातारीने पायवाटेवर एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला. धुक्यात कोणी नव्हतं. मग ती तारेजवळ तोंड आणून हळू आवाजात म्हणाली,

"कोनाले सांगू नोको वं."

आणि परडी पदराखाली घेऊन ती देवळाच्या बाजूला चालू लागली.

आम्ही दोघं तिथेच उभे होतो. तिने फुलं वाटेत टाकली असती तर ती आम्हाला दिसली असती. वाटेकडेच्या नालीपाशीही ती थांबली नाही. धुक्यात दिसेनाशी झाली. मग देवळातली घंटा वाजली, रोज वाजते तशी.

आई वाफ्याच्या कडेच्या दगडावर बसली. तिने मान खाली घातली. मला वाटलं ती रडते आहे. मी खाली वाकलो तर तिचे डोळे कोरडे होते आणि तोंड उघडं होतं.

"आयकलं का तू?" ती म्हणाली. "नेली तिनं. समजून नेली."

"हो."

"महिनाभर त्याच्या डोक्यावर माहीच फुलं. ना तो बाटला, ना कोपला." ती थांबली. मग म्हणाली, "आन थे त्याले नाई भेली. लोकायले भेली."

तोवर वडील उठून आले होते. काय घडलं ते ऐकल्यावर त्यांचा विश्वास बसेना. सभेत निर्भयपणे बोलणारे वडील आधी कुंपणापर्यंत जाऊन पायवाट पाहून आले.

"तू बोलली? तिले? असं तोंडावर?"

"बोलली."

"आन तिनं काई म्हनलं नाई?"

"पानी जास्त घाला म्हने," आई म्हणाली, आणि हसली. हसू तिला आवरेना. आतून बहीण विचारत होती, माय, काऊन हासून राह्यली? आईला सांगताच येईना. त्या दिवशी माझी गाडी चुकली. कार्यालयात उशिराचं कारण विचारलं तेव्हा मी तब्येतीचं सांगितलं.

त्याच दुपारी वडिलांनी बोरीच्या काट्या आणून कुंपणाला आतून बांधल्या. म्हातारी पायवाटेने येत राहिली. पुढच्या बागेतली तगर खुडायची आणि आमच्या अंगणावरून जाताना उजवीकडे बघायची. तिने कोणाला सांगितलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. तिचा मुलगा आईला दुकानात आणखी एकदोनदा देवांबद्दल बोलला. आई तेल घेऊन आली आणि या वेळी बाटली सरळ फळीवर ठेवली.

फुलं आता राहू लागली. पाकळ्या गळल्या आणि मधलं बटण फुगायला लागलं. हिरवं, मग पांढुरकं, मग एका बाजूने लाल. वस्तीतल्या बायका बघायला आल्या तेव्हा खरा गोंधळ उडाला. फळ म्हणजे बिया पोटात, हे सगळ्यांना ठाऊक. याच्या बिया कातडीवर.

"उलटं हाये हे," एकजण म्हणाली.

"आंगावर तीळ टोचल्यासारखं दिसते."

एक म्हातारी आत्या लांबूनच बोलली, "माह्या डोळ्याले त देवीचे फोड दिसून राह्यले. घरात दोनजीवाची बाई हाये. उपटून टाक वं पोरी."

बहीण दाराशीच उभी होती. तिचा हात पोटावर गेला.

आई वाकली, एक फळ बोटांत धरून वर केलं आणि नखाने त्यावरचा एक दाणा काढून आत्याच्या तळहातावर ठेवला. "फोड कुठी हाये? बी हाये. चावून पाहा."

आत्याने चावलं. बराच वेळ विचार केला. "बीच हाये," ती म्हणाली, आणि मग सगळ्याच हसल्या.

आमच्याकडे कोणत्याही झाडाचं पहिलं फळ घरातल्या माणसाच्या तोंडी जात नसे. पहिलं कणीस, पहिलं वांगं, पहिला पेरू, सगळं आधी कोनाड्यात. आईच्या हाताला ती सवय होती. पहिलं फळ पिकत आलं तसा वडिलांना प्रश्न पडला की याचं काय करायचं. वंदनेच्या वेळी ठेवावं, की वस्तीत वाटावं. एवढं छोटं फळ वाटायचं कसं, असं बहीण म्हणाली. शनिवारी रात्री ठरलं की रविवारी मी आलो की बघू.

रविवारी सकाळी मी पोचलो तेव्हा आई वाफ्याजवळ होती. फळ पूर्ण लाल झालं होतं आणि बुलबुलाने त्याचा एका बाजूचा लचका तोडला होता. आतला पांढरा गर दिसत होता, त्यावर दोन मुंग्या होत्या.

मी आईकडे पाहिलं. वडीलही मागून येऊन तिच्याकडेच पाहत होते. तिने मनात काय धरलं होतं ते एव्हाना त्यांनाही कळलं होतं. जिच्यासाठी ते धरलं होतं ती पडवीत पाय सोडून बसली होती, दिवस भरत आलेले.

आईने फळ देठासकट तोडलं. मुंग्या फुंकून टाकल्या. पडवीत जाऊन विळीवर टोचलेला भाग कापला आणि अंगणात चिमण्यांना टाकला. राहिलेलं अर्धं बहिणीच्या पुढे धरलं.

"पाखराचं उष्टं हाये," बहीण म्हणाली.

"मंग? देवाले थोडीच द्याचं हाये. खा."

"पयलं फळ हाये माय. तूच खा."

"तुले सांगून राह्यली न. दोघं जन खा."

बहिणीने ते तोंडात टाकलं. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे पाहत उभे होतो. तिने डोळे गच्च मिटले, ओठ आवळले, खांदे वर गेले.

"आंबट!" ती म्हणाली. "मायवं, किती आंबट! एवढ्यासाठी केलं का हे सगळं?"

"आंबट त आंबट," आई म्हणाली. "दुसरं पिकलं का साखर लावून देईन." आणि विळी धुवायला मोरीकडे गेली.

बहिणीला मुलगी झाली ती त्यानंतर, फाल्गुनात. जन्मतःच मोठ्याने रडली. सुईण बाहेर येऊन सांगत होती तेव्हा आई मागच्या बाजूला पाणी तापवत होती. वडिलांनी तिला विचारलं, आता तरी मन निवांत झालं का.

"थे त्या सोमवारीच झालं होतं," आई म्हणाली. "सरका, पानी न्याचं हाये."